तिसऱ्यांदा निकाली निघालेलं झाकण

मंगळवार, सकाळचे सात. गेटसमोरच्या उघड्या गटारापाशी हजर: मी, शेजारचे जोशीकाका आणि एक मोडकी खुर्ची. झाकण फुटल्यावर ती मीच तिथे ठेवली, कारण काकांना मोतीबिंदू आहे आणि दुधाला ते याच वाटेने जातात.

मोबाइल वाजला. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' महापालिकेचा हा तिसरा संदेश.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"झाकण बसवलं म्हणतायत."

"मग आत्ता मी धडकलो ती खुर्ची इथे कशाला?"

कळवण्यात खातं तत्पर आहे, फक्त बघायला कोणी येत नाही. नाडी न धरताच रोग्याला बरं ठरवावं, तसं हे.

खुर्चीचा पाय कडेवरून घसरला होता, तो सरळ केला. माझ्या यादीतलं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी खोडत नाही. 'झाकण' अजून तिथेच आहे.