विहिरीची चतुःसीमा

त्या सकाळी ठाण्यात आलेली फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. नोकरी मी पुढे लवकरच सोडली; पण उपनिरीक्षक असताना केलेल्या या चौकशीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

आंबिवलीच्या पुढच्या एका गावातली अंगणवाडी सेविका. आरोप असा, की भूजलाच्या नोंदींचं सरकारी रजिस्टर तिने भूजल कार्यालयातून चोरलं. फिर्यादी त्याच कार्यालयातला, विहिरींची पातळी मोजून नोंद करणारा कर्मचारी. गुन्हा दाखल झाला तर बाईची नोकरी गेलीच म्हणून समजा. वरिष्ठ म्हणाले, "अरे, सरकारी कागद आहे. दाखल कर आणि मोकळा हो." मी म्हटलं, आधी चौकशी करतो, सर.

दुपारी निनावी फोन आला. "रजिस्टर बाईच्या घरी आहे, तांदळाच्या डब्यात." दोन पंच घेऊन गेलो. तिने स्वतःच डबा परातीत पालथा केला. "घ्या साहेब. आता आलातच आहात तर निवडूनही द्या." डब्यात तांदळाशिवाय काही नव्हतं.

मग महिला हवालदारासमोर तिला विचारलं, "कार्यालयात कशाला गेलेलात?"

"गावच्या विहिरीला पाणी किती लिहिलंय ते बघायला. रीतसर माहितीचा अर्ज केलेला. त्यांनी बोलावलं, मी पानांचे फोटो काढले, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि आले. साहेब, पाणी आमच्या गावाखालचं, मोजणाऱ्याचा पगार आमच्या करातून. मग आकडे बघितले तर मी चोर कशी?"

असल्या प्रश्नाला उत्तर कोणाकडेच नसतं, म्हणून तर फिर्याद ठोकली जाते.

तिने मोबाइल पुढे केला. नोंदींप्रमाणे विहीर भर उन्हाळ्यातही तुडुंब. याच आकड्यांवर गावाची नळयोजना नाकारलेली आणि शेजारच्या टँकरवाल्याला बोअर उपसायची परवानगी दिलेली. बाई एवढंच म्हणाली, "विहीर बघायला चला."

दुसऱ्या दिवशी फिर्यादीलाही जागेवर बोलावलं. पंचनाम्यात जागेची चतुःसीमा लिहावी लागते, म्हणजे चारही दिशांना काय आहे ते. पोलिसाच्या कामातला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. मी पॅड काढलं आणि फिर्यादीला विचारलं,

"बोला. विहिरीच्या पूर्वेला काय?"

"रस्ता."

"पश्चिमेला?"

"आंबा... म्हणजे, आंब्याचं झाड."

"कुठंय झाड?"

तो चारी बाजूंना बघत राहिला. बाईने आम्हाला टँकरवाल्याच्या काँक्रीटच्या आवारात आणून उभं केलं होतं. विहीर नव्हती, आंबाही नव्हता. कुंपणापलीकडून एक आजी ओरडल्या, "काय रं दादूस, बाव शोधतंस? ती तं कवाच बुजवली! तिच्याच डोक्याव उभा हाईस तू!"

पंचसुद्धा हसले. फिर्यादीला मात्र घाम फुटला.

"कधीपासून आला नाहीत इथे?"

"साहेब... मागचा आकडा बघायचो, वीतभर इकडेतिकडे करायचो. वाचतंय कोण? या बाईने फोटो काढले आणि म्हटलं, आता सगळं उघडं पडणार..."

"रजिस्टर कुठंय?"

त्याने स्कूटरची डिकी उघडली. पंचांसमक्ष रजिस्टर जप्त केलं. निनावी फोन टँकरवाल्याचा निघाला; झडती झाली की बाई घाबरून गप्प बसेल, असा त्याचा हिशेब.

बुजवलेल्या विहिरीची पाणीपातळी हे सरकार वर्षानुवर्षं मोजत होतं! मी अहवालात हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी दोनदा वाचलं आणि सही केली. फिर्याद खोटी ठरली, बाईची नोकरी राहिली. टँकरवाल्याची परवानगी गेली, नळयोजना मंजूर झाली. आकडे आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जातात, अर्जाबिर्जाची गरज नाही.

चोर शोधण्याआधी चोरीला गेलेल्या कागदात लिहिलंय काय ते वाचावं, हे मी या प्रकरणात शिकलो. लोकांच्या पाण्याची माहिती जो लोकांपासून लपवतो, त्याचीच झडती आधी घ्यायला हवी.

गावाने मोजणीसाठी दुसरी विहीर दाखवली आहे. मोजणारा माणूस आता खरोखर येतो. त्याच्या टेपचं दुसरं टोक बाईच्या हातात असतं.