आमच्या घराचा उपोषणाचा दिवस

मंगळवारी दादाचा फोन आला आणि बुधवारी संध्याकाळी मी पुण्याहून जालन्याच्या एसटीत बसले. घनसावंगीजवळच्या आमच्या गावात सरकारी दवाखाना बांधून तयार आहे, पण डॉक्टर नेमलेला नाही, म्हणून दाराला कुलूप. त्या दारासमोर गावाचं साखळी उपोषण चालू आहे. रोज एका घरातलं एक माणूस सकाळी आठपासून दुसऱ्या सकाळी आठपर्यंत उपाशी बसतं. शुक्रवारी आमच्या घराचा नंबर होता आणि दादाला शुगर, वहिनीचं बाळ अंगावर पिणारं. शेजारी बसायला तयार होते, पण दादा म्हणाला, "आपल्या घराचा दिवस दुसऱ्यानं कशाला भरायचा? तू ये."

सोबत आमच्या वरच्या मजल्यावरची एलिना होती. मूळची फिनलंडची, चार वर्षं पुण्यात राहते, मराठी पुस्तकातून शिकली आहे. आपल्याकडची आंदोलनं तिला काही केल्या उमगत नाहीत, म्हणून बघायला निघाली. वाटेत म्हणाली, "एक दिवस उपाशी राहायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवायचं. मग संकष्टीत आणि यात काय फरक आहे?" मला राग आला आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तुम्ही या बाजूला येणार असाल तर जालना स्टँडवर पोटभर पोहे खाऊन घ्या. पुढे अंबडपर्यंत एसटी आणि तिथून घनसावंगीला काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली की नाही हे ड्रायव्हरच ठरवतो. भाडं पुण्यातल्या एका कॉफीहून कमी, फक्त सुटे पैसे ठेवा. अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, तेव्हा घाई असेल तर ती घरी ठेवून या. एलिनाच्या मांडीवर कुणीतरी आपलं बाळ देऊन टाकलं होतं आणि ती घनसावंगीपर्यंत अवघडून बसली होती.

शुक्रवारी आठच्या आत मी दवाखान्यापुढच्या मांडवात हजर झाले. फळ्यावरची यादी सांभाळतात ते लक्ष्मणतात्या, गावातले सगळ्यात जुने जीपवाले. मला पाहून त्यांनी खडू खालीच ठेवला.

"सुनंदे, तू न्हाई. सुना बसल्या, म्हाताऱ्या बसल्या, ते बराबर हाये. पण माहेराला आलेली लेक पाव्हणी असती. पाव्हणीला उपाशी ठेवलं तर गावाची अब्रू राहीन का?"

दादाचा चेहरा उतरला. आठ वाजायला आले होते आणि आमच्या घराचा दिवस रिकामा जाणार असं दिसायला लागलं.

मी म्हटलं, "तात्या, माझा जन्म कुठं झाला?"

तात्या म्हणाले, "जीपमदी. अंबडच्या रस्त्याला. मीच चालवून राह्यल्तो."

"मंग ह्या दवाखान्यासाठी मी न्हाई बसायचं, तं कोण बसन?"

तात्यांनी फळा बाहीने पुसला आणि लिहिलं, "आज: सुनंदा, कै. जगन्नाथरावांची लेक." लग्नाला बारा वर्षं झाली, पण ते वाचून ऊर असा भरून आला की सांगता सोय नाही.

एलिना परदेशी, आंदोलनात दिसली तर तिला अडचण नको, म्हणून तिला मी मांडवाबाहेर लिंबाखाली बसवलं होतं. बंदोबस्ताचा हवालदार तिच्यापाशी आला. "मॅडम पत्रकार हायेत का?"

"नाही, मी शेजारीण आहे," ती म्हणाली. मग तिनेच त्याला विचारलं, "तुम्ही यांच्या विरुद्ध आहात का?"

हवालदार राजूरकडचा. म्हणाला, "मी ड्युटीवर हाये. आमच्या गावच्या दवाखान्यात बी डॉक्टर न्हाई."

दुपारी एलिना वहिनीकडून भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊन आली, तीही माझी नजर चुकवत. मग तिने तात्यांना विचारलंच, की सगळे एकदम का बसत नाहीत.

तात्या म्हणाले, "समदे बसले तर कापूस कोण येचन? सरकारला वाटलं, येचणी आली की हे उठून जातेल. म्हणून आम्ही घरवार नंबर लावले. आता येचणी बी चालू हाये अन् उपोषण बी."

एलिना उठून त्या यादीतली नावं एकेक करून वाचू लागली. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त भाकरी होती, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी आठला वहिनी लिंबूपाणी घेऊन आली आणि पुढच्या घरची म्हातारी माझ्या जागेवर बसली.

पुण्यात परतून तीन आठवडे झाले. कुलूप अजून तसंच आहे, ते लपवत नाही. एलिना परवा आईशी फोनवर तावातावाने बोलत होती. तिच्या भाषेतले मला दोनच शब्द कळले, जालना आणि तात्या. मी मात्र ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटले आहे की आमच्या गावात एकही दिवस रिकामा गेला नाही.

काल दादाचा फोन आला. गावातली सगळी घरं संपली, आता दुसरी फेरी सुरू.

"आपल्या घरापुढं तात्यानं तुझंच नाव टाकलं," तो म्हणाला. "मी म्हणलं, तिला इचारा तरी. तं म्हणे, घरच्या माणसाला काय इचारायचं?"

आज सकाळी रजेचा अर्ज दिला.