कसंतरीच होतंय

आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर आता कॉम्प्युटर आलाय. लक्षणं टाइप केली की तो संभाव्य आजार सुचवतो, न जुळणारी औषधं लिहिली की हटकतो. मला त्याचा आधारच वाटतो. डॉक्टर झाले तरी माणूसच, दमतात, विसरतात.

परवा नंबर येईपर्यंत पडद्याबाहेर बाकावर बसलो होतो. आत शेजारच्या काकू सांगत होत्या, "कसंतरीच होतंय हो."

"कसंतरी म्हणजे? चक्कर? मळमळ? धडधड?" डॉक्टर बहुतेक स्क्रीनवरचं वाचून विचारत होते.

"तसं नाही. कसंतरीच."

काय शब्द आहे हा! सांगणाऱ्यालाही तो धड उलगडत नाही, पण समोरच्याला कळेल अशी खात्री मात्र असते.

"बरं, कधीपासून?"

"हे गेल्यापासून."

कीबोर्डची टकटक थांबली. कॉम्प्युटरला तारीख हवी असणार. 'हे' म्हणजे कोण, ते त्याला कुठून ठाऊक असणार?

खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. "ईसीजी तर काढूच," डॉक्टर म्हणाले. मग आवाज खाली आला. "काकू, जेवताय ना नीट?"

"एकटीसाठी काय कुकर लावायचा, डॉक्टर?"