काकांची बिनउन्हाची बाग

वसई तालुक्यात सावली शोधणारी माणसं पुष्कळ सापडतील. पण दुसऱ्याच्या घरामागच्या सावलीत काय उगवलंय हे वाकून बघणारे गृहस्थ एकच, ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नव्वदच्या सुमारास गिरगावातली खोली सोडून काकांनी गोखिवऱ्याला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, तो केवळ मागच्या जागेसाठी. जागा कसली, खिडकी आणि कुंपणाची भिंत यांमधली चिंचोळी पट्टी. काकांना तिच्यात अंग चोरून शिरावं लागे. तरी त्यांनी मोगरा लावला, गुलाब लावला. मग पलीकडे इमारत उभी राहिली आणि ऊन कायमचं गेलं. त्याच वर्षी मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. तिचा पलंग त्या खिडकीशी लागला. मोगरा वाळला, समोर शेवाळलेली काळी भिंत उरली. मावशी तिकडे पाठ करून पडून राही.

धीर देणं वगैरे काकांना कधी जमलं नाही. ते सावलीतली झाडं शोधू लागले. कुणाकडे गेले की चहाआधी न्हाणीघरामागे, विहिरीच्या कडेला, जिन्याखाली डोकावत. "बिनउन्हाचं कोण सुखात आहे ते बघतोय," म्हणत. सांडोरच्या एका लग्नात तर जेवता जेवता गायब झाले. शोधलं तेव्हा केळीच्या बागेत, कडक इस्त्रीच्या सफारीत, उकिडवे बसलेले. नवऱ्या मुलाची आई घाबरून धावली.

"काका, चक्कर आली का? पानी आनू?"

"पाणी नको. हे अळू द्याल?"

गुलाबी शिरांचं, शोभेचं अळू होतं ते. बाईंनी हसत हसत कंद उपटून दिले. काकांनी ते घरापर्यंत मांडीवर धरून आणले.

मग नेचे आले, अबोली आली, तांबड्या पानांचा कोलियस आला. पहिला कोलियस काकांच्या अतिप्रेमळ पाणी घालण्याने कुजला, दुसरा जगला. भिंतीला त्यांनी स्वतः चुना फासला, थोडा स्वतःलाही. "आहे तेवढा उजेड तरी परत येऊ दे," म्हणाले.

एका सकाळी मावशी कुशीवर वळली. बराच वेळ बघत राहिली आणि अडखळत म्हणाली, "तो लाल... पुढे घ्या."

"इथे?"

"अजून. कळत नाही... तुम्हाला काही."

काका दिवसभर कुंड्या सरकवत होते. संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "अगं, आज ती रागावली माझ्यावर!" त्यांचा इतका आनंदी आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

त्यानंतर मावशी आणखी दोन पावसाळे होती. ती गेल्यावर एकदा मी भेटायला गेले, तर काका रिकाम्या पलंगावर मांडी घालून, खिडकीच्या गजांतून हात काढून झारीने पाणी घालत होते. अर्धं पाणी चादरीवर.

"बाहेर जाऊन घाला की, काका."

"बाहेरून बाग दिसत नाही गं," ते म्हणाले, आणि मला बसायला जागा करून देत जरासे सरकले.