अंगठ्याची जागा

पुण्यातल्या एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत रुद्रवीणा ठेवली होती. खाली पाटी होती, 'दोनशे वर्षांपूर्वीची'. मी वाकून पाहिलं आणि ओळखलं. ती मीच मिरजेत केली होती, प्रभाकरसाठी.

प्रभाकर माझा जुना मित्र, वीणा वाजवणारा. त्याच्या गुरुजींच्या वीणेला तडा गेला होता. "हुबेहूब तशीच करून दे, मला वाजवायचीय," म्हणाला. गुरुजींचा डावा अंगठा फिरून फिरून दांडीखाली खळगा पडला होता. तो मी करणार नव्हतो. "तोही कर रे, माझ्या अंगठ्याला तीच जागा लागते," तो म्हणाला आणि माझे डोळे भरून आले. एका माणसाचा जन्मभराचा रियाज मी पॉलिश पेपरने एका दुपारी उतरवला.

नवं लाकूड आधी आखडून बोलतं, वाजवणाऱ्याच्या हाताखाली हळूहळू मोकळं होतं. त्याच भरवशावर आम्ही वाद्य हातावेगळं करतो. हिच्या पितळी पडद्यांवर तारेचा एक ओरखडाही नव्हता. प्रभाकरनं ती वाजवलीच नव्हती. जुनी म्हणून विकून टाकली होती.

शेजारी एक बाई मुलीला खळगा दाखवत म्हणाल्या, "बघ, केवढा रियाज केला असेल!"

त्या खळग्यातून आजवर एकच अंगठा फिरलाय, माझा. प्रभाकरला कुठे बोचू नये म्हणून मी तो फिरवून पाहिला होता.