बतूलआजीच्या गालावरच्या रेघा

दुपारी दोनला रेल्वे कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि सुदानमधल्या अत्बरा गावाचे रस्ते सायकलींनी भरून जायचे. बाबिकरचा फोटो स्टुडिओ ऐन रस्त्यावर होता, पण त्या लोंढ्यातलं एकही गिऱ्हाईक त्याच्या पदरी पडत नसे. तो फोटो काढायचा सकाळी आठ ते दहा, ओसरीवरच्या मऊ उजेडात. नंतरच्या उन्हात माणसाचा चेहरा म्हणजे नुसतं कपाळ, नाक आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. कामगार बिचारे सकाळी कारखान्यात.

म्हणून अडुसष्ट साली त्याने पोर्ट सुदानहून फ्लॅश मागवला. तो घेऊन आला हसबू, मालगाडीचा ड्रायव्हर. हमाली म्हणून त्याने एकच मागितलं, "मास्तर, पहिला फोटो माझ्या आईचा काढा."

हसबूची आई, बतूलआजी, शेजारच्या बर्बर गावाहून आली ती चंदनाच्या वासासकट. खुर्चीवर ताठ बसली. बाबिकरने कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश उडवला तशी ओरडली, "बिस्मिल्ला! डोळे फोडतोस का रे मेल्या?"

तीन दिवसांनी फोटो हातात आला. आजीने तो जवळ धरला, लांब धरला.

"ही कोण?"

"तुम्हीच की, आजी."

"मी? मग माझ्या गालावरच्या रेघा कुठायत?"

बाबिकरने वाकून पाहिलं. आजीच्या दोन्ही गालांवर तीन-तीन उभे व्रण होते, तिच्या वेळच्या सगळ्या बायकांना असत तसे. फोटोत त्यांचा मागमूस नव्हता. चेहरा सपाट, कपाळ चकाकतंय.

"सात वर्षांची होते मी," आजी म्हणाली. "माझ्या आजीने मांडीत दाबून धरलं आणि वस्तऱ्याने चिरलं. तीन दिवस उताणी पडून रडले. आणि तू एका चमकाऱ्यात पुसून टाकलंस? हे तर तेल लावलेलं वांगं आहे!"

"आई, अगं हळू..." हसबू पुटपुटला.

"तू गप. मी मेले की हेच भिंतीला टांगशील. पोरं विचारतील, बाबा, हे वांगं कोणाचं?"

फोटो तिथेच टाकून आजी निघून गेली. बाबिकरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वीस वर्षांत त्याच्या फोटोला कोणी असं नाव ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसल्या बसल्या त्याचं लक्ष भिंतीच्या भेगेकडे गेलं. उजेड बाजूने येत होता म्हणून भेग काळी उठून दिसत होती. मग त्याला उमगलं. फ्लॅश नाकासमोरून उडाला की उजेड थेट रेघांत घुसतो आणि त्या भरून टाकतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरवायला हवा!

कारखान्यातल्या ओळखीच्या वायरमनकडून त्याने दोन हात लांब वायर जोडून घेतली आणि फ्लॅश शिडीला बांधला. बसायला होती बायको तोमा. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, भोंग्याच्या सुमारास पांढऱ्याशुभ्र तोबमध्ये घरी यायची. ते नऊ हाती वस्त्र सोडायच्या आतच हा तिला खुर्चीवर बसवायचा.

पहिली प्रत पाहून ती म्हणाली, "इहसानच्या बापा, माझं अर्धं तोंड कोणी खाल्लं?"

खरंच, एक बाजू लख्ख आणि दुसरी डांबरासारखी. आठवडाभर तो शिडी पुढेमागे करत राहिला. फिल्म फुकट, तोमाचा चहा गार.

एका प्रतीत मात्र डांबर नव्हतं. सावलीतल्या गालावरही हलका उजेड होता, डोळा दिसत होता. बाबिकर ती प्रत घेऊन चुलीपाशी धावला.

"तोमा, तुझा तोब!"

"का? डाग पडला?"

"नाही गं! इथे तू पदर सारखा करायला हात वर केला होतास. उजेड त्या पांढऱ्या कापडावर आपटून तुझ्या गालावर आलाय!"

तोमाने प्रत पाहिली आणि हसली. "म्हणजे आठवडाभर तू शिडीशी झगडलास, आणि काम केलं माझ्या लुगड्याने."

बतूलआजी स्टुडिओत पाऊल टाकायला तयार नव्हती. मग नवरा-बायको हसबूच्या घरी गेले. आजीने पहिली कॉफी ओतली, दुसरीही. तिसऱ्या पेल्याला म्हणाली, "आण तुझं ते यंत्र. पण या खेपेला रेघा मोजून घेईन."

संध्याकाळी अंगणात तोमा दुसरा तोब दोन्ही हातांनी पसरून आजीच्या डावीकडे उभी राहिली. उजव्या बाजूने फ्लॅश उडाला.

प्रत आल्यावर आजीने खरंच मोजलं. कागदावर बोट ठेवून एक, दोन, तीन. मग दुसरा गाल. मग फोटो लांब धरला. शेवटी म्हणाली, "ही मी. थोडी माझ्या आजीसारखी दिसते."

त्यानंतर बर्बरहून, दामेरहून म्हाताऱ्या येऊ लागल्या, आणि भोंगा झाला की सायकली टेकवून कामगारही. बारा वर्षं तोमा शाळेतून येऊन तोब पसरत राहिली. त्या म्हाताऱ्यांच्या नातींच्या गालांवर व्रण नव्हतेच. ती रीत मोडली होती. एकेक करून ते गाल मातीआड गेले. बाबिकरला तेव्हा वाटायचं, आपण नुसते फोटो काढतोय.

आता तोमा नाही, स्टुडिओही नाही. बाबिकर खार्तूमला इहसानकडे असतो. कोणी जुन्या फोटोंचं कौतुक केलं की तो मान हलवतो. त्याला चेहरे फारसे आठवत नाहीत. आठवतो तो पांढऱ्या कापडामागून येणारा, खडूच्या धुळीने बसलेला आवाज, "लवकर दाब रे, हात गळून चाललेत माझे!"