गाभण म्हणून सोडलेला

श्रीगजाननास आणि कुलस्वामिनीस वंदन करून लिहितो. आज महाडात माझ्या चातुर्मासाच्या पुराणाची समाप्ती झाली. श्रोत्यांनी ‘सत्यवचनी’ म्हणून मला शाल पांघरली. ती खांद्यावर ठरेना — म्हणून, आजवर कोणालाही न सांगितलेले तुम्हांला सांगतो.

जुगाऱ्यांचा मला तिटकारा आहे. दुसऱ्याच्या घामावर टपलेले हे लोक! त्यांची चोरबोलीही तशीच हीन. नवख्या माणसाला ते ‘बोकड’ म्हणत, फसवण्याला ‘सोलणे’. आणि ज्याला लुबाडू नये अशा गरिबाला — ‘गाभण’. हे मला कसे ठाऊक? पुराणिक होण्यापूर्वी, ऐन तारुण्यात, बिरवाडीच्या एका गोठ्यात मी दोन पावसाळे त्यांच्यात पत्ते खेळलो. शेजारी बसे तो रामा हमाल. पुढे आम्ही दोघांनीही ते सोडले. कोणाला कळले नाही.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षे झाली असतील. महाडच्या बाजारात तीन पत्त्यांच्या एका भामट्यापुढे नाते गावचा एक शेतकरी आपला बैल पणाला लावत होता. रामाने पाठीवरचे पोते टाकले आणि तो ओरडला, “गाभन हाय रे, सोड त्याला!” भामट्याने मुकाट पत्ते गुंडाळले आणि तो गर्दीत नाहीसा झाला. बैल वाचला. लोकांनी धरले कोणाला? — रामाला! ज्याला चोरांची बोली येते तो चोरांचाच साथीदार, असा त्या शहाण्यांचा न्याय.

देवळात पंच बसले. त्यांतला एक मला म्हणाला, “बुवा, तुम्ही शिकलेले. काय हो अर्थ याचा?”

एक वाक्य पुरे होते. मी — मी कानांवर हात ठेवले. “असले अमंगळ शब्द या कानांना ठाऊक नाहीत.”

रामा माझ्याकडे पाहत होता. त्याने गोठ्याचे नाव काढले असते तर? नाही काढले. उलट म्हणाला, “बुवांना कशाला इचारता? देवमानूस हाय तो. त्यांना काय ठाव नाय.”

बाजारात त्याला कोणी ओझे देईना. बायकोला घेऊन तो निघून गेला. कुठे? — मी विचारलेही नाही.

तो शब्द ऐकून भामट्याने शेतकऱ्याला सोडले होते. देवळात रामाने मला सोडले. आणि मी, शास्त्र शिकलेला, त्याच देवळात पुराण सांगत राहिलो.

वाचकहो, तुमच्या घरादारावर ईश्वराची कृपा असो. तुमच्या दारी ओझे उतरवणारा ताठ मानेने परत जावो.